तेरवीला उरलेल्या पत्रावळी: गडचिरोलीतल्या एका ताईचं प्रकरण

तेरवीला पन्नास पत्रावळी लावल्या होत्या आणि जेवायला अकरा जण आले, त्यातले सात घरचेच. हे तिने मला पहिल्या भेटीत नाही सांगितलं, चौथ्या की पाचव्या भेटीत सांगितलं, आणि नवरा कसा गेला ते सांगताना रडली नव्हती तेवढी हे सांगताना रडली. प्रकरण लिहून ठेवायचं कारण तेच. आम्ही सगळे त्या रात्रीवर इलाज शोधत बसलो होतो आणि तिचं दुखणं तेराव्या दिवशी अडकलं होतं.

मी अकरा वर्षं आशा गटप्रवर्तक होते, आता समुपदेशनाचं काम करते. गाव धानोरा-कुरखेड्याच्या पट्ट्यातलं, एवढंच सांगते. ताईचं नाव लिहीत नाही आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील मुद्दाम बदललेत, कारण आमच्याकडे कोण कोणाशी बोललं याची किंमत काय असते ते इथे राहणाऱ्यांना माहीत आहे.

बाहेरच्यांना थोडं सांगावं लागेल. १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, आणि नक्षल चळवळही त्याच काळात इकडे आली, म्हणजे जिल्ह्याचं आणि या भीतीचं वय जवळपास सारखंच. युद्ध म्हणावं तर युद्ध नाही, पण रात्री दादा लोक, म्हणजे नक्षलवादी, येतात आणि जेवण मागतात, दिवसा पोलीस येतात आणि रात्री कोण आलं होतं ते विचारतात, आणि चूल पेटवणारी बाई दोन्ही वेळेला तीच असते. आता परिस्थिती बरीच निवळली आहे असं सगळे म्हणतात, खरंही आहे ते, पण ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात काही निवळत नाही.

ताई चौतीसेक वर्षांची. मुलगी आश्रमशाळेत सातवीला, मुलगा सहा वर्षांचा, सासू, दोन एकर धान. नवरा भाड्याने ट्रॅक्टर चालवायचा, रस्त्याच्या कामावर गिट्टी टाकायला जायचा. धान कापणीच्या दिवसात एका रात्री त्याला घरातून उठवून नेलं, सकाळी गावाबाहेर सापडला, बाजूला पत्रक, त्यात पोलिसांचा खबरी असल्याचं लिहिलेलं. यापेक्षा जास्त लिहीत नाही, गरजही नाही.

खबरी हा शब्द एकदा दारावर लागला की माणसं त्या दारापुढून चालतानाही मान खाली घालतात. वाईट असतात म्हणून नाही, घाबरलेली असतात म्हणून. तिच्या घरी बसायला गेलं तर आपलंही नाव कोणी नेईल, ही भीती. म्हणून तेरवीला कोणी आलं नाही, हातपंपावर तिची घागर भरेपर्यंत बाकीच्या बाया लांब उभ्या राहायच्या, बचत गटातून तिला कोणी काढलं नाही पण बैठक कधी आहे हे कोणी सांगितलंही नाही.

माझ्याकडे ती आली ती सहा महिन्यांनी, मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात, आणि तेही गावच्या आशाताईच्या डोळ्याला एक गोष्ट खटकली म्हणून. आमच्याकडे सत्तर पानांचा एक पुडा बांधतात. ज्या बाईचं अख्खं आयुष्य पुडे बांधण्यात गेलं तिला सत्तर पानं मोजता येईनात. चाळीस-पंचेचाळीसवर आली की थांबायची, परत एकपासून सुरू, फडीवर, म्हणजे पुडे मोजून घेतात तिथून, तिचे पुडे परत यायला लागले, कधी साठ पानं कधी ऐंशी. आशाताई म्हणाली, मॅडम, ही बाई अशी नव्हती, हिच्या पुड्यात एक पान इकडचं तिकडे होत नव्हतं. लक्ष न लागणं हे नैराश्याच्या लक्षणांत पुस्तकातही असतं, पण ते आशाताईने सत्तर पानांत पकडलं, आणि ज्यांच्याकडे हे काम आहे त्या सगळ्यांना माझं सांगणं आहे की आपल्या गावातलं सत्तर पानांसारखं काय आहे ते आधी शोधा.

मधल्या सहा महिन्यांत ती डॉक्टरकडे गेलीच नव्हती असंही नाही. सरकारी दवाखान्यात तीनदा, खाजगीत दोनदा, एकदा पुजाऱ्याकडे. तक्रार एकच, डोकं दुखते, अंग दुखते, छाती धडधडते. बीपी नॉर्मल, रक्त थोडं कमी, कॅल्शियमच्या गोळ्या, ताकदीची सलाईन. एका खाजगी डॉक्टरने झोपेची गोळी दिली ती ती चार महिने रोज घेत होती, चिठ्ठी संपली तरी मेडिकलमधून आणून घेत होती. घरात काय झालं हे तिला एकानेही विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. अशा धक्क्यानंतर पहिल्या महिन्यात झोपेच्या, चिंतेच्या त्या जातीच्या गोळ्या देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय, सवय लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. पण गावात पोचतं ते कागद नाही, गोळी पोचते.

आता माझी चूक सांगते. पहिल्या भेटीत मी नऊ प्रश्नांचा नैराश्याचा फॉर्म घेऊन गेले, सासूसमोर पडवीत बसले, पेन काढला आणि पहिला प्रश्न विचारला. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. अर्ध्या तासात तीन शब्द. घरी येताना आशाताई म्हणाली, मॅडम, कागद-पेन घेऊन आलेल्या माणसासमोर ही बाई आतापर्यंत कितीदा बसली असेल. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बयान घ्यायला आले तेव्हा कागद-पेन, पंचनाम्याला कागद-पेन, मदतीच्या अर्जाला कागद-पेन, प्रत्येकाने तीच रात्र पहिल्यापासून सांगायला लावली, आणि मी सातवी का आठवी तशीच जाऊन बसले.

दुसऱ्या वेळी काही नेलं नाही. तिच्यासोबत अंगणात बसून पुडे बांधले, मला नीट येत नाही, तिने दाखवलं. त्या रात्रीबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि ते आधीच ठरवलेलं होतं. माणसाला मोठ्या धक्क्यानंतर बसवून घटना खोदून काढायची, मन मोकळं होईल म्हणून, या पद्धतीचा फायदा होत नाही आणि ती करू नये असंच आता सगळीकडे शिकवतात. मानसिक प्रथमोपचाराची २०११ ची जी मार्गदर्शिका आहे त्यात तीन कामं सांगितलीत, बघा, ऐका, जोडून द्या. खोदा असं त्यात कुठेही नाही. ते नऊ प्रश्न मी पानं बांधता बांधता, आमच्या भाषेत विचारले. उदास वाटतं का असं विचारलं तर आमच्या बाया नाही म्हणतात, उदास हा शब्दच कोणी वापरत नाही. मन लागते का, जेवन जाते का, असं विचारावं लागतं. ती म्हणाली, "मले लय विचार येते. झोप लागली तं तीन वाजता जाग येते, मंग विचारच विचार."

लय विचार. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं आणि त्या आज्या लोकांचं ऐकायला लागल्या, तिथे शोना भाषेत या दुखण्याला कुफुंगीसिसा म्हणतात, अर्थ अगदी हाच, फार विचार करणं. त्यांनी डिप्रेशन शब्द बाजूला ठेवून लोकांचा शब्द उचलला. २०१६ साली त्या कामाचा अभ्यास छापून आला, ५७३ लोकांवरचा, फरक स्पष्ट दिसला होता. मी तेव्हापासून माझ्या वहीत नैराश्य लिहीत असले तरी तोंडाने लय विचारच म्हणते.

नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा. तो टाळायचा नसतो. सरळ विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन विचार शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून बाई मोकळी होते. तिने हातातलं पान खाली ठेवलं आणि म्हणाली, "पोरगं नसतं तं कवाच..." पुढचं बोलली नाही. स्कोअर २७ पैकी १८ आला, म्हणजे बराच जास्त. त्याच दिवशी दोन कामं केली. घरातलं फवारणीचं औषध शेजारच्या आत्याच्या घरी कुलुपात गेलं, आणि आत्या रात्री तिच्याकडे झोपायला यायला तयार झाली. या आत्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे, साठीची बाई, ती म्हणाली मले आता कोन काय करनार, मी जातो झोपाले. गावात तिच्या घराचा उंबरठा सगळ्यात आधी ओलांडला तो आत्याने. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर ताईच्या फोनमध्ये टाकून दिला, २०२२ पासून आहे ही सेवा, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, पण तिच्या घरात रेंज येत नाही, शाळेच्या मागच्या टेकाडावर येते. रात्री तीन वाजता बाई टेकाडावर जाणार नाही, म्हणून आत्या महत्त्वाची.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याला मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. नैराश्य तर होतंच, शिवाय सहा महिन्यांच्या वर लांबलेला आणि रोजचं जगणं थांबवणारा शोक, याला आता आजारांच्या नव्या आंतरराष्ट्रीय यादीत वेगळं नाव आहे. डॉक्टरांनी नैराश्याची गोळी सुरू केली, झोपेची गोळी एकदम बंद न करता हळूहळू कमी करायला सांगितली. बाराव्या दिवशी तिने नैराश्याची गोळी सोडली, काईच फरक नाई म्हणून. या गोळीला गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात हे तिला कोणी नीट सांगितलं नव्हतं, त्यात मीही आले. परत सुरू केली.

बोलण्याच्या भागासाठी मी पाच भेटींची जी पद्धत आहे ती धरली, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ ला काढलेली, पीएम प्लस म्हणतात. ती डॉक्टरांसाठी नाहीच, प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांसाठी आहे, पेशावरसारख्या ठिकाणी तपासलेली. चार गोष्टी असतात त्यात. सावकाश श्वास, अडचणी सोडवणं, बंद पडलेली कामं परत सुरू करणं, आणि माणसं जोडणं. श्वासाचं लवकर जमलं, पोट फुगवत मनात तीन मोजायचे, सोडताना तीन, रात्री मोटरसायकलचा आवाज आला की ती हेच करायची. अडचणींचं मात्र बसून केलं. अंगणात खडे मांडले, सुटणारी अडचण एकीकडे, न सुटणारी एकीकडे. नवरा परत येणार नाही, हा खडा तिने स्वतः उचलून न सुटणाऱ्यात ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, मी पण काही बोलले नाही. बाकीचे खडे तर सुटण्यासारखे निघाले. मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याचं नाव चुकलं होतं, म्हणून मदतीची फाईल अडली होती. मुलगा रात्री अंथरूण ओलं करत होता आणि सासू त्याला मारत होती. सासू तिला तुह्यामुयेच झालं म्हणायची.

बंद पडलेल्या कामांत तिने काय निवडावं, मला वाटलं शेत निवडेल, तिने सडा निवडला. सहा महिने अंगणात सडा पडला नव्हता. रोज सकाळी शेणाचा सडा, एवढंच. पाचव्या-सहाव्या दिवशी समोरून जाणारी एक बाई थांबली आणि म्हणाली, टाकला वाट्टे सडा. सहा महिन्यांनी तिच्याशी कोणीतरी कारण नसताना बोललं.

पण एकटीवर काम करून गावाची भीती जात नाही, आणि ती जेवण न झालेली तेरवी तर एकटीची नव्हतीच. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात, जिथे लोकांनी तालिबान आणि लष्कर दोन्ही बघितले, तिथे हीच पद्धत बायकांच्या गटात करून बघितली, ६१२ बायका होत्या, २०१९ ला तो अभ्यास आला, त्याच भागातल्या, मानसशास्त्र न शिकलेल्या बायांनी गट चालवले आणि चिंता-नैराश्य कमी झालं. एकटीला बोलावलं तर लोक विचारतील हिला काय झालं, गटात बोलावलं तर ती बैठक असते. संघर्षाच्या भागात दर पाचातल्या एकाला काही ना काही मानसिक त्रास असतो, २२ टक्क्यांचा तो आकडाही २०१९ चाच आहे. म्हणजे आमच्या गावात ती एकटी असणं शक्यच नव्हतं.

आठ बायांचा गट झाला, अंगणवाडीच्या मागच्या ओट्यावर, नाव ठेवलं आरोग्याची बैठक. दोघींना फक्त माडिया, इकडची आदिवासी बोली, येत होती. युगांडातल्या ऱ्हाइनो कॅम्पमध्ये दक्षिण सुदानच्या निर्वासित बायांना श्वासाचे, मन शांत करायचे पाठ त्यांच्या बोलीत रेकॉर्ड करून ऐकवले होते, जवळपास ७०० बायांवर तपासलं होतं ते, त्यावरून आम्ही एका माडिया आशाताईच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. मागून कोंबडा ओरडतो त्यात, तसंच ठेवलं.

आणि इथेच सगळं मोडायची वेळ आली. गटातल्या एका आजीचा मुलगा काही वर्षांपूर्वी जंगलात गेलेला, म्हणजे नक्षलवाद्यांच्या बाजूला. मला माहीत होतं, मी विचार केला होता, तरी ताईला आधी सांगितलं नाही, सांगायला पाहिजे होतं. पहिल्याच बैठकीत ताई आजीला बघून उठून गेली आणि दोन आठवडे आली नाही. झोप परत गेली, आत्याने सांगितलं. मला खूप वाईट वाटलं, कारण कोणालाही दुखवू नका हा या कामातला पहिला धडा आणि तोच मी चुकवला होता. घरी जाऊन तिची माफी मागितली, वेगळा गट करते म्हटलं. ती काही बोलली नाही.

मग गटाचा एक नियम केला, आत्याने सुचवलेला. कोणी मारलं, का मारलं, कोण बरोबर, हे ओट्यावर बोलायचं नाही. अंगात काय होते, रात्री काय होते, ते बोलायचं. काही लोक म्हणतील की हे न्यायाकडे डोळेझाक करणं झालं. मला तसं वाटत नाही. न्यायाची जागा कोर्टात आहे आणि ती मिळालीच पाहिजे, पण झोप न लागणाऱ्या दोन बायांना एका ओट्यावर बसायला आधी निकाल लागायची वाट बघावी लागू नये.

तिसऱ्या आठवड्यात ताई आली, टोकाला बसली. त्या दिवशी आजी बोलली, "माहा पोरगा जित्ता हाय का मेला मले मालूम नाई. कोनाले विचारू? तेरवी करू तं कोनाची करू?" बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग ताई पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली. नवऱ्याबद्दल नाही, पत्रावळींबद्दल. उरलेल्या पत्रावळींचं काय केलं ते सांगितलं, सासूने चुलीत घालायला लावल्या, एकेक करून, भात न वाढलेल्या. त्या ओट्यावरच्या बहुतेक बाया त्या दिवशी घरात दार लावून बसल्या होत्या. एकीने फक्त एवढं म्हटलं, आमी यायले पायजे होतं. कोणी सफाई दिली नाही, भीती होती वगैरे. मला ते फार मोलाचं वाटलं.

जुलैत रोवणीला तिच्या बांधीत नऊ बाया उतरल्या, पलटावर. पलट म्हणजे आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे, मजुरीचे पैसे नाहीत. मी काहीच सांगितलं नव्हतं, ओट्यावर त्यांचं त्यांनीच ठरवलं. आजी पण होती, वाकवत नाही तरी पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या देत बांधावर बसली. ताईने सगळ्यांसाठी भात-वरण केलं होतं, आणि आशाताई सांगत होती की त्या दिवशी ती वाढताना मोठ्याने ओरडली कोणावर तरी, अजून घे म्हणून.

आशाताईबद्दलही लिहिते, कारण अशा प्रकरणात तिचं कोणी लिहीत नाही. ती त्याच गावची, भीती तिलाही तीच, तेरवीला ती पण गेली नव्हती आणि ते तिला रोज टोचत होतं. दर आठवड्याला अर्धा तास मी तिच्याशी फक्त तिच्याबद्दल बोलायचे. ही पद्धत जिथे जिथे चालली तिथे मदत करणाऱ्याच्या मागे कोणीतरी उभं होतं. आपल्याकडे चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन सोडून देतात आणि मग म्हणतात आशा काम करत नाहीत. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत विश्राम नावाचं काम झालं, शेतकऱ्यांच्या ताणावर, तिथेही गावातल्याच माणसांना घेऊन केलं आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले, दीड वर्षात. माणसं गावातलीच लागतात, पण त्यांना एकटं सोडून चालत नाही.

सहा आठवड्यांनी स्कोअर ११, दिवाळीच्या आसपास ६. झोपेची गोळी पूर्ण सुटली, नैराश्याची अजून सुरू आहे, डॉक्टर म्हणतात बरं वाटलं म्हणून लगेच बंद करायची नाही. मुलाचं अंथरूण ओलं होणं कमी झालं, थांबलं नाही. सासू अजूनही एखाद्या दिवशी तेच वाक्य बोलते, तिचाही मुलगा गेलाय आणि तिच्यासाठी आपण काही केलं नाही, हे या प्रकरणातलं राहून गेलेलं काम आहे, ओट्यावर ती यायला तयार नाही. गाडीचा आवाज आला की ताई अजून दचकते.

वरसीला मी गेले होते. किती माणसं आली ते मोजलं नाही, मला पडवीत जागा नव्हती, अंगणात सडा टाकलेल्या जागेवर बसून जेवले. आजी आली नव्हती. तिने आदल्या दिवशी तांदूळ पाठवले होते, आणि ताईने ते घेतले.

मदतीची फाईल अजून व्हायचीच आहे. नक्षल हिंसेत मेलेल्या नागरिकाच्या कुटुंबाला केंद्राची मदत मिळते, २००८ पासून योजना आहे, २०१६ पासून रक्कम पाच लाख. दाखल्यावरचं नाव दुरुस्त झालंय, वारस दाखला बाकी आहे. मंगळवारी तहसीलला जायचंय, या वेळी ती म्हणाली तुमी नका येऊ, आत्याले घेऊन जातो.